सोडून देणे आणि सोडून जाणे : 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती त्याग आणि खानदेश

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मजीवनासंबंधी मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखनात 'त्याग' हा शब्द इतक्या सहजपणे योजिला जातो की, त्या त्यागाचा कर्ता कोण, त्याचे कर्म कोणते आणि त्याची झळ प्रत्यक्षात कोणास लागली, हे प्रश्न विचारण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. जे. सी. विन्स्लो यांचे १९२३ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी चरित्र हे या परंपरेतील आरंभीचे आणि आदरणीय उदाहरण होय. विन्स्लो स्वतः ख्रिस्त सेवा संघाचे संस्थापक आणि आश्रमजीवनाकडे ओढलेले मिशनरी. तेव्हा त्यांच्या दृष्टीस टिळकांचा संन्यास प्रथम दिसावा, हे स्वाभाविकच होते. याच्या अगदी शेजारी ठेवून वाचण्याजोगा दुसरा ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे कौतुक मराठी समीक्षेने विनोद, प्रांजळपणा आणि घरगुती भाषेचा गोडवा या गुणांसाठी केले. ते योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती त्यागाची मराठीतील सर्वांत कठोर तपासणी याच ग्रंथात आहे आणि ती त्या घरगुती भाषेच्या आधारेच केलेली आहे, हे मात्र पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही.

टिळक दांपत्य खानदेशचे नव्हे. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, लक्ष्मीबाईंचा नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि दोघांच्या ख्रिस्ती संसाराचा बहुतेक काळ अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेला. असे असूनही या चर्चेत खानदेश वगळता येत नाही. १९०७ सालचे जळगावचे कविसंमेलन आणि १९१८ साली भादली स्टेशनावर घडलेला अपघात या दोन घटनांच्या दरम्यान धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाचा टिळकांच्या घराशी संबंध आला. पतिपत्नीच्या नात्याबाहेरच्या माणसासाठी त्या त्यागाचा अर्थ काय झाला, हे तपासण्यास हा संबंध उपयोगी पडतो. धुळे आणि नंदुरबारच्या बाजूस तर त्यागाचा हाच प्रश्न निराळ्याच रूपाने उभा राहतो. त्याचा विचार शेवटी येईल.

प्रथम शब्दांकडे वळणे इष्ट. शुभवर्तमानांत शिष्यत्वाची जी अट घातलेली आहे, ती सांगताना मराठी बायबलच्या रूढ भाषांतरात 'आत्मत्याग' हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ मात्र 'नाकारणे', 'ओळख न देणे' असा आहे. मार्ककृत शुभवर्तमानात हेच क्रियापद पुढे पेत्राच्या संदर्भात येते : पेत्र येशूला नाकारतो, आपण त्यास ओळखत नाही असे म्हणतो. म्हणजे मूळ भाषेतील वाचकास दोन प्रसंगांतील दुवा कानावाटेच कळतो. शिष्याने स्वतःस नाकारावयाचे होते, त्याने गुरूस नाकारले. मराठीत एका ठिकाणी 'त्याग' आणि दुसऱ्या ठिकाणी 'नाकारणे' असे शब्द योजिल्याने तो दुवा तुटला. अलीकडच्या काही भाषांतरांनी 'स्वतःला नाकारणे' असा प्रयोग करून तो पुन्हा जोडला आहे. 'आत्मत्याग' या सामासिक शब्दाचा संस्कृतातील एक अर्थ 'आत्महत्या' असा आहे, हेही येथे नमूद करण्यासारखे. भाषांतरकारांस तो अर्थ अभिप्रेत असणे शक्य नाही. परंतु संस्कृत शब्द उसना घेतला म्हणजे त्याची जुनी आप्तमंडळीही पाठोपाठ घरात येते, याची पंडिता रमाबाईंस पूर्ण जाणीव होती. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी बायबलात त्यांनी हिंदू दर्शनांच्या परिभाषेतील शब्द कटाक्षाने टाळले आणि अल्पशिक्षित स्त्रियांस कळेल अशी भाषा पत्करली. टिळकांचा मार्ग नेमका उलट होता. अभंग, ओवी, संन्यास, दरबार ही सर्व जुनी सामग्री घेऊनच ख्रिस्ताकडे जाता येते, अशी त्यांची श्रद्धा होती. दोघेही विद्वान ब्राह्मण घराण्यांतून आलेले. एकाने शब्दांचा वारसा सोडला, दुसऱ्याने तो जपला. कोणाचा त्याग मोठा, हे ठरविण्याचे कारण नाही. परंतु भाषा हीही सोडण्याजोगी मालमत्ता आहे, हे या तुलनेतून दिसते.

'त्याग करणे' हा प्रयोग ग्रंथभाषेतील आहे. घरात कोणी त्याग करीत नाही. घरात माणूस काहीतरी सोडतो, टाकतो, देऊन टाकतो, किंवा उठून निघून जातो. मराठीत 'सोडणे' आणि 'सुटणे' ही सकर्मक–अकर्मक जोडी 'तोडणे–तुटणे', 'फोडणे–फुटणे' यांच्या कुळातील आहे, हे व्याकरणाच्या अभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९३७ साली, म्हणजे 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग निघाला त्याच वर्षी, इतिहासाचार्य राजवाडे यांचा 'मराठी धातुकोश' प्रसिद्ध केला. अशा कोशातून धातूंची कुळे कळतात, परंतु धातू संसारात कसे वागतात ते कळत नाही. 'सोडून देणे' आणि 'सोडून जाणे' हे दोन प्रयोग त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. पहिल्यात 'देणे' हे क्रियापद आपला मूळ अर्थ बहुतांशी गमावून बसले आहे. ते केवळ क्रिया पुरी झाल्याचे आणि हात रिकामा झाल्याचे सुचविते. दुसऱ्यात 'जाणे' आपला अर्थ सोडीत नाही. तेथे खरोखरच कोणीतरी चालू लागलेले असते. भूतकाळात वाक्यरचनाही बदलते. 'त्यांनी घर सोडून दिले' येथे कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद घराच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. 'ते घर सोडून गेले' येथे कर्ता प्रथमेत उभा आहे आणि क्रियापद त्याच्या मागून चालते. आणि 'तिचे घर सुटले' असे म्हटले की, ते घर जिचे होते ती षष्ठीत जाते. करणारा कोणी वाक्यात उरतच नाही.

टिळकांच्या धर्मांतराची घटना या तीनही वाक्यांत सांगता येते आणि तीनही वाक्ये खरी ठरतात. चरित्रकार पहिले वाक्य लिहितात. पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने राहणाऱ्या पत्नीच्या बाजूने पाहिले तर दुसरे वाक्य खरे. आणि त्या पत्नीचे स्वतःचे काय झाले, हे सांगावयास तिसऱ्यावाचून गत्यंतर नाही. 'स्मृतिचित्रे'चे सामर्थ्य असे की, लक्ष्मीबाई या तीन वाक्यांपैकी एकाचाही अव्हेर करीत नाहीत.

या दाव्यास घटनांचा आधार आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी परस्परांपासून दूर होती. या अवधीत कायद्याची परिस्थिती काय होती, हे समीक्षकांनी सहसा पाहिलेले नाही. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे वारसाहक्क बुडू नये, अशी तजवीज केलेली होती. तेव्हा ख्रिस्ती होणाऱ्यास मालमत्तेवर पाणी सोडावे लागे, ही समजूत निदान कायद्याच्या भाषेत तरी बरोबर नाही. जे सुटत असे ते कायद्याच्या कक्षेबाहेरचे होते : पंगत, पाणवठा, माहेर, सणवार, मृत्यूनंतरचे खांदेकरी. १८६६ च्या कायद्याने आणखी एक वाट उघडली होती. धर्मांतर केलेल्या व्यक्तीच्या जोडीदाराने त्या कारणास्तव सहा महिने सहवास नाकारला, तर विवाहविच्छेदासाठी न्यायालयात जाता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही, ते थांबले. त्यांच्या ख्रिस्ती जीवनातील त्याग शोधावयाचाच असेल, तर तो बाप्तिस्म्याच्या दिवसापेक्षा या थांबण्यात अधिक सापडतो. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी जे सोडले त्याच्या मोबदल्यात त्यांस ज्याची ओढ लागली होती ते मिळाले. या पाच वर्षांत त्यांनी जे सोडले, म्हणजे कायद्याने दिलेली मोकळीक, तिच्या मोबदल्यात काय मिळेल याची कोणतीही खात्री नव्हती. लूककृत शुभवर्तमानात देवाच्या राज्यासाठी सोडावयाच्या गोष्टींच्या यादीत पत्नीचाही उल्लेख आहे. त्या वचनाचा आधार घेऊन टिळकांस स्वतःचे समर्थन करणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही, हे त्यांच्या श्रद्धेच्या प्रतीचे गमक मानावयास हरकत नाही.

तथापि हा हिशेब इतक्यावर मिटत नाही, आणि मिटू नये अशीच 'स्मृतिचित्रे'ची रचना आहे. धर्मांतराच्या पूर्वीचा सबंध पहिला भाग वाचीत असताना वाचकास एक गोष्ट पुनःपुन्हा आढळते. टिळक न सांगता घरातून निघून जातात. गावे बदलतात, नोकऱ्या बदलतात, हाती आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजवंतास देऊन मोकळे होतात, आणि घरी चूल कशी पेटणार हा प्रश्न घरातल्या बाईकडे राहतो. तेव्हा १८९५ साली ते घर सोडून गेले, यात श्रद्धेचा वाटा किती आणि स्वभावाचा किती? हा प्रश्न लक्ष्मीबाई कोठेही उघडपणे विचारीत नाहीत. केवळ प्रसंगामागून प्रसंग सांगतात, आणि तेही हसत. परंतु हे प्रसंग त्या क्रमाने वाचल्यानंतर 'टिळकांनी ख्रिस्तासाठी सर्वस्वाचा त्याग केला' हे चरित्रातील वाक्य पूर्वीच्या भाबडेपणाने वाचता येत नाही. ज्या माणसास वस्तूंची, पैशाची, एका ठिकाणी राहण्याची आसक्तीच नाही, त्याने या गोष्टी सोडल्या तर त्यात काय विशेष? त्याच्याकडे सोडण्यास कठीण असे एकच होते, ते म्हणजे लक्ष्मीबाई. आणि त्यांस तो सोडू शकला नाही. या ग्रंथातील विनोदास समीक्षक 'निर्मळ' म्हणतात. तो निर्मळ आहेच, पण तो धारदारही आहे. नवऱ्याच्या औदार्याची गोष्ट सांगताना घरातल्या रिकाम्या डब्याचीही गोष्ट सांगावयाची, हा साधा कथनक्रमच टीकेचे काम करतो.

लक्ष्मीबाई नगरास टिळकांकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आरंभी त्यांनी आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेविली. जातिभेदाची भावना त्यांच्या मनातून क्रमाने गळाली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या प्रवासाचे वर्णन हा ग्रंथाचा गाभा होय. बाबा पदमनजी यांच्या 'अरुणोदया'सारख्या एकोणिसाव्या शतकातील आत्मकथनात धर्मांतर हे वाचन, संशय, वाद आणि निश्चय या पायऱ्यांनी घडते. तेथे बुद्धी ही कर्ती आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत शरीर आधी विरोध करते आणि शरीरच शेवटी मान्य करते. पाण्याचा पेला, दुसऱ्याच्या हातचे अन्न, ओकारी, लाज, आणि मग एके दिवशी लक्षात येणे की अडसर उरलेला नाही. येथे 'त्यांनी जात सोडली' म्हणण्यापेक्षा 'त्यांची जात सुटली' म्हणणेच अधिक यथार्थ. आणि सुटणे या क्रियेचे वैशिष्ट्य असे की, तिचे श्रेय घेता येत नाही. त्याग करणाऱ्यास निदान त्यागी म्हणवून घेता येते. जिचे सुटले तिला मराठीत कोणतेही विशेषण नाही.

जोसेफिन इंक्स्टर यांनी १९५० साली या ग्रंथाचे संक्षिप्त इंग्रजी भाषांतर केले, त्यास 'आय फॉलो आफ्टर' असे नाव आहे. हे शब्द फिलिप्पैकरांस पत्रातील जुन्या इंग्रजी भाषांतराची आठवण करून देतात. पौल ख्रिस्ताच्या मागे धावतो, त्याप्रमाणे लक्ष्मीबाई. योजना चतुर आहे, पण तिच्यात एक गफलत आहे. या नावामुळे इंग्रजी वाचकास पतीच्या मागून जाणारी पत्नी आणि ख्रिस्ताच्या मागून जाणारी शिष्या एकच वाटू लागतात. मूळ ग्रंथ या दोन अनुसरणांत अंतर ठेवतो. लक्ष्मीबाई पतीमागून नगरास येतात, पण ख्रिस्ताकडे स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या सवडीने जातात. शांता गोखले यांच्या २०१७ सालच्या संपूर्ण भाषांतराने उपशीर्षकात पत्नीपणाच्या जोडीस तिचा तेजस्वी बाणाही ठेवला आहे. तेथे निदान 'मागून' हा शब्द नाही.

येथून जळगावास यावयाचे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. का. र. कीर्तिकर, व्यवसायाने वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे पंडित. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा आणि बसूंचा इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासकांस परिचित आहे. याच संमेलनात सोळासतरा वर्षांच्या ठोमरे यांस कीर्तिकरांनी 'बालकवी' ही पदवी दिली. हा प्रसंग वाङ्मयेतिहासात बालकवींच्या उदयाचा म्हणून नोंदविला जातो. पण त्याच मंडपात बारा वर्षांपूर्वी जातीबाहेर पडलेले एक पाद्री कवी म्हणून वावरत होते, या गोष्टीकडे कोणी पाहत नाही. १८९५ साली टिळकांची पंगत गेली; १९०७ साली त्यांची कवींची पंगत गेलेली नव्हती. ख्रिस्ती झाल्यामुळे टिळकांस मराठी कवितेत काय गमवावे लागले, या प्रश्नाचे जळगावने दिलेले उत्तर 'फारसे काही नाही' असे आहे. हे उत्तर त्यागाच्या रूढ चित्रास गैरसोयीचे आहे खरे, पण महाराष्ट्राच्या वाङ्मयीन समाजाविषयी ते पुष्कळ सांगते. ज्यांच्या घरी पाद्र्यास पाटावर बसवून घेणे अवघड गेले असते, त्यांस त्याची कविता मात्र आपली वाटत होती.

या ओळखीतून ठोमरे पुढे काही काळ नगरास टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांस मुलासारखे वागविले. बालकवींच्या व्यक्तित्वाची जी जिवंत माहिती आज उपलब्ध आहे, तिचा मोठा भाग 'स्मृतिचित्रे'तूनच येतो : त्यांचा हट्ट, रुसवा, लहरीपणा आणि भाबडेपणा. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांस ख्रिस्ती करण्याचा उद्योग टिळकांच्या घराने केल्याचे त्या पृष्ठांतून दिसत नाही. धर्मप्रसाराच्या हिशेबाने पाहिले तर ही वर्षे वायाच गेली. परंतु ख्रिस्ती जीवनातील आत्मत्यागाची कल्पना 'स्वतःस नाकारणे' या मूळ अर्थाने घेतली, तर या घरात एक गोष्ट घडलेली दिसते. दुसऱ्याचा मुलगा घरी आहे, तो आपल्या प्रेमाने बांधला गेलेला आहे, आणि तरीही त्यास आपल्या बाजूस ओढून न घेणे. एका पाद्र्याच्या बाबतीत हे स्वतःच्या व्यवसायासच नाकारण्यासारखे होते. बहुधा टिळकांस हे सहज जमले असावे. तेही एका घरातून असेच बाहेर पडले होते आणि मागे राहिलेल्यांचे दुःख त्यांनी पत्नीच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकले होते. धरणगावच्या घरास या सहवासाची किंमत द्यावी लागली नसेल असे नाही. पोटचा मुलगा बाटलेल्या घरात जेवतो-राहतो, ही गोष्ट त्या काळी खानदेशातल्या कोणत्याही ब्राह्मण कुटुंबास सुखाची नव्हती. टिळकांच्या श्रद्धेची झळ लागलेल्यांच्या यादीत अशीही माणसे येतात, की ज्यांनी त्या श्रद्धेशी कसलाच संबंध मागितला नव्हता.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी व पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांस त्यात स्थान होते. हा त्यांचा ख्रिस्ती संन्यास. महाराष्ट्रास तो लगेच समजला, कारण त्याची भाषा ओळखीची होती. ब्राह्मण पैशासाठी बाटतो, या जुन्या आरोपास पगार सोडून दिलेले ते उत्तरही होते. संन्यास आणि त्याग यांतील भेद ही या भूमीत नित्याची चर्चा आहे; पुढे १९३२ साली विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचने केली आणि साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांतही अठराव्या अध्यायाच्या निमित्ताने हाच प्रश्न आला आहे. गीतेच्या पक्षाने पाहता कर्म न सोडता फलाचा त्याग श्रेष्ठ. घराबाहेर पडण्याची आवश्यकता नाही. टिळकांचा संन्यास या कसोटीस पुरता उतरत नाही आणि शास्त्रोक्त संन्यासाच्याही कसोटीस उतरत नाही, कारण तो पत्नीसह आहे. दोन्ही परंपरांत न बसणारी ही गोष्टच त्याचा विशेष होय. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी जे केले ते 'सोडून जाणे' होते. या वेळी ते 'सोडून देणे' झाले. पगार गेला, माणसे राहिली. लक्ष्मीबाईंवर याही वेळी पैशाची चिंता आलीच, पण या वेळी त्या वाक्याच्या बाहेर नव्हत्या. टिळकांच्या दोन त्यागांतील हा फरक विन्स्लो यांच्या चरित्रात अस्पष्ट राहतो. 'स्मृतिचित्रे' वाचताना तो आपोआप स्पष्ट होतो.

५ मे १९१८ रोजी बालकवींचा भादली स्टेशनावर आगगाडीखाली अंत झाला. वय अवघे सत्तावीस. एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत निवर्तले. लक्ष्मीबाईंनी 'ख्रिस्तायन' हे टिळकांनी आरंभिलेले महाकाव्य पुढे चालवून पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, प्रसिद्ध झाले. पतीचे अपुरे काम पत्नीने पुरे करावे, यास लोक समर्पण म्हणतात. त्या प्रचंड ओवीबद्ध रचनेतील लक्ष्मीबाईंचा भाग वाचला असता समर्पणापेक्षा स्वामित्वाचाच प्रत्यय अधिक येतो. परंतु तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

आता पश्चिम खानदेश. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. आज पूर्वेकडील भाग जळगाव होय, आणि पश्चिमेकडील भागातून धुळे व १९९८ पासून नंदुरबार असे दोन जिल्हे झालेले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी या पश्चिम भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम सुरू केले. नवापूर-चिंचपाड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, मावची आदी समाजांत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे. टिळकांच्या कथेवर पोसलेल्या वाचकाने येथे आपली परिमाणे बदलावयास हवीत. नगरच्या किंवा मुंबईच्या ब्राह्मण धर्मांतरितास एकट्याने बाहेर पडावे लागे. पाड्यातली कुटुंबे मिळून ख्रिस्ती होतात तेव्हा पंगत सुटत नाही, पंगतच दुसरीकडे बसते. मात्र देवदेवतांचे सण, मोहाची दारू, भगताचा आधार, पूर्वजांच्या पूजेचे ठिकाण यांची ताटातूट त्यांच्याही वाट्यास येते. कायद्याचे गणितही निराळे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता आणि दुरुस्त्यांनंतर शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) यांच्यापुरता मर्यादित आहे. ख्रिस्ती होणाऱ्या दलितास तो मिळत नाही. अनुसूचित जमातीच्या दर्जास अशी धर्माची अट नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यातील, एकाच प्रार्थनामंदिरात बसणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकास श्रद्धेपायी शिक्षणातील व नोकरीतील सवलत सोडावी लागते, दुसऱ्यास नाही. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितास वारशाचे संरक्षण दिले होते. शंभर वर्षांनंतरच्या आदेशाने निराळ्या प्रकारच्या वारशास धर्माची अट घातली. ब्राह्मण धर्मांतरिताच्या त्यागावर मराठीत ग्रंथ आहेत. या त्यागावर 'स्मृतिचित्रे'च्या तोलाचा एकही नाही.

साधने मात्र अगदीच नाहीत असे नव्हे. ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग, ज्यात भिल्ली बोलींबरोबर खानदेशी म्हणजे अहिराणीचा समावेश केलेला आहे, तो १९०७ साली, जळगावच्या संमेलनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्या पाहणीत बोलींचे नमुने तुलनेसाठी एकाच मजकुरावरून घेतलेले आहेत. तो मजकूर म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. घर सोडून गेलेला मुलगा, वाट पाहणारा बाप आणि घरीच राहून रुसलेला थोरला भाऊ यांची ती कथा. अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडून शास्त्रीय कारणासाठी नोंदविली गेलेली ही ख्रिस्ती कथा अभ्यासकांनी आजवर केवळ प्रत्यय आणि विभक्ती काढण्यासाठी वापरली. तिच्यात आई नाही, बहीण नाही, धाकट्याची बायको असेल तर तिचा उल्लेख नाही. लक्ष्मीबाईंनी लिहिले ते नेमके या वगळलेल्या माणसांच्या बाजूने.

अहिराणीत 'सोडी दिन्हं' आणि 'सोडी गया' हे दोन प्रयोग प्रमाण मराठीतल्याप्रमाणेच वेगळे राहतात. मावची व इतर भिल्ली बोलींत ही व्यवस्था कशी आहे, हे पाहण्याचे काम क्षेत्रात जाऊन करावयाचे आहे. आणि ते करीत असता नवापूरच्या बाजूच्या ख्रिस्ती कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांस त्यांच्या घराण्यातील पहिल्या बाप्तिस्म्याची हकीकत विचारावी. त्या हकीकतीतील क्रियापदे आणि त्यांचे कर्ते कोणत्या विभक्तीत आहेत, ते प्रथम टिपून घ्यावे.